गाडी किती खाली घेतली ते नंतर, स्प्रिंगला दबायला जागा किती उरली ते आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारी सकाळी गंगापूर रोडला किंवा त्र्यंबक रोडला खाली बसवलेल्या दोन-चार स्पोर्ट्स गाड्या हल्ली हमखास दिसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या गतिरोधकावर तिरक्या होऊन एकेक चाक चढवत जातात, आणि तरीही खालून खर्रकन घासल्याचा आवाज येतो. ही हौस खोटी नाही. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आणि ब्रेक लावताना चाकांमधला भार कमी सरकतो, गाडी रस्त्याला धरून राहते, शिवाय दिसतेही देखणी. पण गॅरेजमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती खाली करायची?’ आणि निवड तिथेच चुकते. स्प्रिंगला दबायला जागा किती उरेल, हे त्याआधी विचारायला हवे.

एक हिशोब मांडतो. पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेकचे वजन सोडून, ३२० किलो भार आहे असे धरू. मूळ स्प्रिंगची ताकद २५ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे साधारण अडीच किलो वजन वाढले की ती एक मिलिमीटर दबते. गाडी सपाट जागी उभी असताना शॉकअपचे तोंड आणि दांड्यावरचा बम्प स्टॉप, म्हणजे तो फोमसारखा पिवळा किंवा काळा ठोकळा, यांच्यात ४५ मिलिमीटर मोकळी जागा आहे. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर चाकाला ४५ गुणिले अडीच, म्हणजे ११२ किलोचा जादा भार झेलता येतो. बम्प स्टॉप त्यानंतर लागतो. आता ३० मिलिमीटर खाली नेणारी स्प्रिंग बसवली. मोकळी जागा उरली १५ मिलिमीटर. बाजारातल्या चांगल्या स्प्रिंगा मूळपेक्षा वीस ते तीस टक्के कडक असतात, म्हणून दर मिलिमीटरला ३.२ किलो धरू. पंधरा गुणिले ३.२ म्हणजे ४८ किलो. निम्म्याहून कमी भारात गाडी ठोकळ्यावर बसली! मूळइतका भार १५ मिलिमीटरमध्ये झेलायचा तर स्प्रिंग साडेसात किलोची, म्हणजे तिप्पट कडक लागेल, आणि तशी गाडी कॉलेज रोडवर कोणी दोन दिवससुद्धा चालवणार नाही. तीच गाडी १५ मिलिमीटरच खाली घेतली तर जागा ३० मिलिमीटर उरते आणि ३.२ किलोच्या स्प्रिंगने ९६ किलो झेलले जातात. मूळ ११२ च्या जवळ. लोअरिंग स्प्रिंगमध्ये १५ आणि ३० मधला फरक दिसायला दोन बोटांहून कमी असतो, पण रस्त्यावर तो एवढा मोठा असतो.

‘स्प्रिंग फार कडक निघाली’ ही तक्रार बहुतेक वेळा स्प्रिंगची नसतेच. त्याच आकड्यांवर गाडीच्या उसळण्याची गती मूळ स्प्रिंगवर सेकंदाला १.४ वेळा, नव्या स्प्रिंगवर १.६ वेळा निघते. एवढा बदल अंगाला सहज सोसतो. दात वाजवणारा दणका येतो तो स्प्रिंग संपून ठोकळा लागल्याने. वळणाच्या मध्यावर पुढचा ठोकळा लागला तर पुढचे चाक अचानक कडक होते, पकड सुटते आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. कसारा घाटातल्या उतारावर ब्रेकखाली नाक आधीच दबलेले असते, तिथे ही गोष्ट दिखाव्याची राहत नाही.

ही जागा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. शॉकअपवरची धुळीची रबरी टोपी वर सरकवून दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधावी आणि ती खाली शॉकअपच्या तोंडापर्यंत सरकवावी. मग आपल्या रोजच्या रस्त्याने दोन-तीन दिवस गाडी चालवावी. द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, सोसायटीचा उतार, जे रोजचे असेल ते. दांडा जिथपर्यंत आत गेला तिथपर्यंत टाय वर ढकललेली सापडते. ते अंतर म्हणजे आपला रस्ता प्रत्यक्षात मागत असलेली हालचाल. मूळ स्प्रिंगवरच टाय ठोकळ्यापर्यंत पोचत असेल तर ३० मिलिमीटर खाली जाण्याचा विचार सोडून द्यावा. २० मिलिमीटर तरी शिल्लक असतील तर १५ ते २० खाली घेता येते. नाशिकच्या रोजच्या वापराला माझ्या मते हीच मर्यादा; गाडी फक्त महामार्गावर आणि रविवारी निघत असेल तर फार तर २५.

मूळ उंची कशी मोजायची, यातही घोळ होतो. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप कामाचे नाही, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत टेप लावावी. चारही कोपरे, सपाट फरशी, अर्धी टाकी पेट्रोल, डिकी रिकामी. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी दहा-पंधरा फूट पुढेमागे ढकलावी, नाहीतर चाके आखडलेली राहतात आणि माप १० मिलिमीटरनेसुद्धा चुकते.

हे माप घ्यायचे आणखी एक कारण. भारतात विकताना बऱ्याच कंपन्या गाडी परदेशी मॉडेलपेक्षा थोडी उंच ठेवतात. स्प्रिंगच्या खोक्यावर ‘३० मिलिमीटर’ लिहिलेले असते ते युरोपातल्या उंचीच्या तुलनेत. आपली गाडी मुळात १५ ने उंच असेल तर तीच स्प्रिंग इथे ४५ ने खाली आणते. पैसे देण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ही स्प्रिंग बसवल्यावर चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किती मिलिमीटर राहतील? उत्तर नसेल तर घेऊ नये.

भाराचेही तसेच. आयबाख, एच अँड आर अशा जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंगांसोबत तिथल्या मान्यतेचा कागद येतो आणि त्यात पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला चालणारा कमाल भार किलोमध्ये दिलेला असतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुढच्या भारात पुष्कळ फरक पडतो; हलक्या इंजिनाची स्प्रिंग जड गाडीला लावली की नाक ठरल्यापेक्षा खाली जाते. आपला भार कळायला शहराच्या कडेचा ट्रकांचा वजनकाटा पुरतो. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढचा आणि मागचा आकडा मिळून पूर्ण गाडीच्या वजनाशी जुळले पाहिजेत. जर्मन स्प्रिंगवर क्रमांकाच्या शेवटी ‘व्हीए’ असेल तर ती पुढची, ‘एचए’ असेल तर मागची. उलट बसवलेल्याही गाड्या निघतात, म्हणून हे लिहितो.

एका गाडीची स्प्रिंग-ताकद दुसऱ्या गाडीशी ताडून पाहू नये. पोर्श केमनसारख्या गाडीत चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले उभे खांब, आहेत. तिथे चाक आणि स्प्रिंग जवळजवळ बरोबरीने हलतात. निसान जीटी-आरच्या पुढे दोन आडव्या आर्मची, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांची, रचना आहे. अशा रचनेत स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागावर उभी असते आणि चाक एक इंच हलले की ती पाऊण इंचाच्याही आतच हलते. हे प्रमाण ०.६५ असेल तर चाकाला मिळणारी ताकद त्याच्या वर्गाने घटते: सहा किलोची स्प्रिंग चाकाशी जेमतेम अडीच किलोची उरते. केबल टायचे मापही अशा गाडीत ०.६५ ने भागून घ्यावे. टाय २० मिलिमीटर सरकली तर चाक ३० हलले आहे. एककांचाही गोंधळ असतो. जपानी स्प्रिंगवर किलो प्रति मिलिमीटर, अमेरिकन स्प्रिंगवर पौंड प्रति इंच. एक किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजेच ५६ पौंड प्रति इंच.

सरळ, म्हणजे कायम एकाच ताकदीची स्प्रिंग की दबता दबता वाढत्या ताकदीची, यावर तासन् तास वाद घालता येतात. इथल्या रस्त्यासाठी वाढत्या ताकदीची बरी. तिचे काही वेटोळे जवळजवळ असतात आणि गाडीच्या वजनाखाली ते मिटतात. ते मिटलेले पाहून ‘स्प्रिंग खराब आहे’ म्हणून परत करू नये. त्या वेटोळ्यांचे मुख्य काम चाक लोंबकळताना स्प्रिंगला तिच्या खोबणीत धरून ठेवणे हे असते. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहावी. सैल फिरली तर ती त्या शॉकअपला आखूड आहे.

नक्कल पकडायला कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचे साधन, पुरतो. स्प्रिंगची ताकद तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालते. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १२.५ मिलिमीटर असेल तर ताकद १८ टक्क्यांनी वाढते. १३ मिलिमीटर तार, वेटोळ्याचा मध्यव्यास १२० मिलिमीटर आणि काम करणारे साडेपाच वेढे असतील तर स्प्रिंग साधारण ३० न्यूटन प्रति मिलिमीटरची निघते. रंगाचा थर वजा करून मोजलेली तार अर्ध्या मिलिमीटरने बारीक भरली तर आतला माल वेगळा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गावात कॅलिपर लावता येणाऱ्या हातांचा तुटवडा नाही. मग हौसेच्या गाडीलाच तो का लावू नये?

आता कापलेल्या स्प्रिंगांबद्दल. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे गणित बरोबर आहे आणि त्याच्याच भरवशावर हे काम चालते. पण स्प्रिंगचे शेवटचे टोक खालच्या ताटलीत बसायला ठरावीक आकारात वळवलेले असते. ते गेले की स्प्रिंग एका बाजूला टेकते, तिरकी दबते, ताटली कुरतडते. गॅसने कापली तर कापाजवळच्या पोलादाचे पाणी उतरते आणि काही महिन्यांनी तिथेच तुकडा पडतो. शिवाय आखूड झालेली स्प्रिंग चाक लोंबकळताना जागेवरून सुटते. तेच चाक पुन्हा टेकते तेव्हा ती कशीही बसलेली असू शकते. तापवून खाली बसवलेली स्प्रिंग तर कापलेल्याहून वाईट, कारण तिची ताकद किती उरली हे कोणीच सांगू शकत नाही. कापलेल्या स्प्रिंगवर कुणालाही गाडीत बसवू नये, असे मला अगदी स्पष्ट लिहायचे आहे.

शॉकअपचे वय पाहिल्याशिवाय स्प्रिंग घेऊ नये. स्प्रिंग २८ टक्के कडक केली की तिला आवरायला शॉकअपची पकड सुमारे १३ टक्के जास्त लागते. धडधाकट मूळ शॉकअप एवढे पेलतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेला, तेलाने ओलसर झालेला पेलत नाही. गाडी उसळून परत येते तेव्हा एका झोक्यात थांबत नाही. त्यासोबत वरचे माउंट, त्यातले बेअरिंग आणि धुळीची टोपी बदलावी, कारण स्ट्रट खोलण्याची मजुरी तीच पडते. बम्प स्टॉप कापावा का? काही कंपन्या आखूड ठोकळा देतात, काही ‘इतके मिलिमीटर कापा’ असे लिहितात. लिहिले असेल तेवढेच आणि सांगितलेल्या बाजूनेच कापावे. मऊ निमुळते टोक उडवले तर ठोकळा सुरुवातीलाच कडक लागतो; आणि गरजेपेक्षा जास्त कापला तर शॉकअपचा पिस्टन तळाला आपटून व्हॉल्व्ह फुटतो. विजेवर नियंत्रित शॉकअप असतील तर गाडीची उंची मोजणारे सेन्सर नव्या उंचीला जुळवून घ्यावे लागतात. हेडलाइटचेही तसेच.

बसवतानाच्या एका चुकीमुळे चांगली स्प्रिंगसुद्धा बदनाम होते. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना घट्ट करतात. मग गाडी खाली टेकवली की रबर पिळलेले राहते, गाडी वर अडकून बसते, ‘अजून खाली आली नाही’ म्हणून तक्रार होते आणि वर्षाच्या आत बुश फाटतो. बोल्ट नुसते हाताने आवळून, चाकाखाली जॅक घालून मध्यापासून कडेपर्यंतचे माप नव्या उंचीवर आणावे आणि तेव्हाच टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे. स्प्रिंग दाबायला दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत, इम्पॅक्ट गन लावू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. तारेचे टोक ताटलीतल्या खाचेला टेकले आहे ना, हे डोळ्याने पाहूनच वरचा नट आवळावा. लॉक नट नवीन घ्यावेत.

अलाइनमेंट त्याच दिवशी करावी आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा, कारण नवी स्प्रिंग आणखी काही मिलिमीटर बसते. मॅकफर्सन गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. टायर आतून खाल्ला की दोष या झुकण्याला देतात. बहुतेकदा टायर खातो तो बिघडलेला टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, जो सुधारता येतो. सुधारता येत नाही ती दुसरी गोष्ट. गाडी खाली जाताना खालचा आर्म आडवा होत पुढे उलटा तिरपा होतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीहून जास्त वेगाने खाली सरकतो. कलवणारी तरफ त्यामुळे लांब होते. एका मर्यादेपलीकडे खाली घेतलेली गाडी वळणावर कमी नव्हे, अधिक कलू पाहते, आणि वाढवलेली ताकद तेवढे भरून काढण्यातच खर्ची पडते. समोरून आर्मकडे पाहावे: बाहेरचा बॉल जॉइंट आतल्या बुशाहून वर गेला असेल तर गाडी जास्त खाली आहे. (आपल्या नाशिकने पाहिलेल्या रॅलीच्या गाड्या वेगवान असूनही उंच असतात, ते मातीवर हालचालीची जागा हवी म्हणूनच.)

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पेठ रोडच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारून घ्यावे.

आता महापालिकेला विनंती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये १९८८ साली गोलाकार गतिरोधकाचे माप दिले होते: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. या मापाच्या गतिरोधकावर २.६ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी मधोमध आली तर चारही चाके त्याच गोलाईवर असतात आणि पोटाखाली फक्त ५ सेंटिमीटर उंचवटा येतो. ११ सेंटिमीटर क्लिअरन्सची स्पोर्ट्स कारसुद्धा सरळ जाते. पण गल्लीतला डांबराचा ढिगारा दीड-दोन फूट रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असतो. तिथे चाके दोन्ही बाजूंना खाली आणि पूर्ण १५ सेंटिमीटर पोटाखाली. ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात ते इंजिनाच्या तेलाचे भांडे तिथे फुटते, आणि ते स्पोर्ट्स कारचेच फुटते असे नाही. भरलेली साधी टॅक्सीही तिथेच घासते. रुग्णवाहिकेतल्या माणसाला बसणारा दणका वेगळाच.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामे निघाली आहेत. नवे डांबर पडले की पंधरा दिवसांत नवे गतिरोधक येतील. ठेकेदाराला प्लायवूडचा एक साचा दिला तरी काम होईल: मध्यावर १०० मिलिमीटर उंची, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९३, एक मीटरवर ७१, दीड मीटरवर ३४ आणि १.८५ मीटरवर शून्य. डांबर टाकल्यावर खालच्या कडेत ही गोलाई कापलेला साचा वर ठेवायचा; बोटभर फट दिसली तर रोलर पुन्हा फिरवायचा.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक